‘छान’च्या पुढे काय लिहायचं? ग्रुपवरच्या जलरंगचित्राला अभिप्राय देताना

रविवारी संध्याकाळ झाली की आमच्या जलरंगाच्या ग्रुपवर चित्रं यायला लागतात. सकाळी कुणी घाटावर बसलेलं असतं, कुणी जुन्या वाड्यासमोर, कुणी आपल्याच गच्चीत. कागदाच्या कडेची टेप सुटते, फोटो निघतो, चित्र ग्रुपवर पडतं. पाच मिनिटांत खाली रांग लागते: छान, सुरेख, अप्रतिम, खूप सुंदर ताई, टाळ्या, जोडलेले हात. मध्येच एखादा शेरा येतो, ‘पर्स्पेक्टिव्ह गंडलंय.’

काढणाऱ्याच्या हाती या दोन्हींतून काही लागत नाही. ‘अप्रतिम’मध्ये काय आवडलं ते नसतं आणि ‘गंडलंय’मध्ये कुठे ते नसतं. चित्र टाकणाऱ्याला कौतुक किंवा टीका यांच्याही आधी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे दुसऱ्याचे डोळे. तीन तास एकाच कागदावर वाकून बसलं की आपलंच चित्र आपल्याला दिसेनासं होतं. समोर कागद असतो, पण आपण पाहत असतो मनातली जागा, तिथलं ऊन, पाण्याचा आवाज. कागदावर जे उतरलंच नाही तेही आपल्याला दिसत राहतं. पूर्वी चित्रकलेचे सर पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि दोन शब्द बोलायचे, तेव्हा झापड सुटायची. आता बरेचजण व्हिडिओ बघून घरच्या घरी शिकतात, पाठीमागे कुणीच नसतं. सरांचं ते उभं राहणं ग्रुपवर आपल्याकडे आलेलं आहे.

ते नीट कसं करायचं याची एक रीत मी काही वर्षांत माझ्यापुरती बसवली आहे. ती इथे मांडते. उदाहरणं जलरंगाची आहेत, कारण मला तेच आतून माहीत आहे.

आधी फोटो वजा करा

आपल्यापुढे चित्र नसतं, चित्राचा फोटो असतो. हा फरक विसरून दिलेले अभिप्राय मी खूप पाहिले आहेत. ‘रंग फार पिवळट झालेत’ असं कुणीतरी लिहितं, आणि चित्र रात्री पिवळ्या दिव्याखाली टिपलेलं असतं.

रंगाबद्दल काहीही लिहिण्याआधी चित्राच्या कडेला टेपमुळे राहिलेली पांढरी पट्टी शोधा. कोऱ्या कागदाचा कुठलाही तुकडा चालेल. ती पट्टी पिवळट दिसत असेल तर सगळं चित्रच तेवढं पिवळं झालंय. ती करडी असेल तर चित्र प्रत्यक्षात जास्त उजळ आहे. बराचसा भाग पांढरा असला की कॅमेरा त्या पांढऱ्याला मधल्या करड्याकडे ओढतो, त्यामुळे हलक्या हातानं केलेली, भरपूर कागद सोडलेली चित्रं फोटोत मळकट दिसतात. हा दोष काढणाऱ्याचा नाही.

देवळाचे खांब कडेला बाहेर झुकलेले दिसले तर चित्राची चौकट बघा. चौकटच वाकलेली असेल तर फोन जवळून किंवा तिरका धरला होता. पोत दिसत नसेल, कोरड्या ब्रशचा फटकारा गिळल्यासारखा वाटत असेल, तर पाठवताना फोटो दाबला (कॉम्प्रेस) गेलेला असू शकतो. व्हॉट्सॲपवर २०२३पासून फोटो एचडीमध्ये पाठवायची सोय आहे. ‘एचडीत परत टाकता का? कडा नीट बघायच्या आहेत’ एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की कुणीतरी लक्ष देऊन बघतंय. दिवसाउजेडी, खिडकीजवळ पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढावा, हेही एकदा सगळ्यांना सांगून ठेवावं.

मग दोन मिनिटं काही लिहू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका तोच वगळला जातो. फोनवर चित्र दीड-दोन सेकंद समोर राहतं आणि तेवढ्यात मत तयार होतं. ते पहिलं मत टाकून द्यायचं नाही, उलट मनात नोंदवून ठेवायचं: नजर आधी कुठे गेली? तिथून कुठे सरकली? कुठे अडकली, कुठे चित्राबाहेर गेली? ही नोंद पहिल्या काही क्षणांतच मिळते, नंतर मिळत नाही.

त्यानंतर चित्र मोठं करून बघायचं आणि उलट अगदी लहान करूनही. नखाएवढं झाल्यावरही उजेड कुठे, अंधार कुठे हे कळतं का? डोळे बारीक करून बघा. पापण्यांतून तपशील गळून जातात आणि टोनची, म्हणजे फिकट-गडदपणाची, ढोबळ वाटणी तेवढी राहते. फोन उलटा धरा म्हणजे झाड हे झाड राहत नाही, एक आकार होतो, आणि तोल ढळला असेल तर लगेच जाणवतो. फोनमधल्या एडिटमध्ये रंग शून्यावर आणून चित्र काळंपांढरं करा. जलरंगात ज्याला आपण ‘रंग जमले नाहीत’ म्हणतो, तिथे पुष्कळ वेळा टोन जमलेले नसतात. लाल कौल आणि हिरवं झाड रंगात वेगळी दिसतात, काळ्यापांढऱ्यात एकजीव होतात, आणि मग चित्र सपाट का वाटतंय याचं उत्तर मिळतं.

डोळ्याला ही सवय लावायची असेल तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घेऊन बसा. हातात दिवा घेतलेली साडीतली स्त्री, मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. ज्योतीला हाताचा आडोसा आहे, बोटांतून तांबूस उजेड झिरपतो, चेहऱ्यावर चढतो आणि मग आजूबाजूच्या अंधारात विरत जातो. त्यात सर्वांत उजळ जागा किती थोडी आहे आणि ती उजळ ठेवण्यासाठी बाकीचा किती कागद गडद केलाय, हे मोजून बघा. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं हे चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून सर्रास फिरवलं जातं. रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झालं. ग्रुपवर कुणी त्याची नक्कल टाकली आणि नाव चुकीचं लिहिलं तर तेवढी दुरुस्ती आवर्जून करावी. नाव बरोबर घेणं हाही अभिप्रायाचाच भाग आहे.

काय करायचं होतं ते विचारा

आता हात लिहायला शिवशिवतात. तरी अजून एक पायरी आहे, ती प्रश्नाची.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची चार टप्प्यांची एक पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी त्यांना काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलाकारानं आपल्या शंका विचारायच्या. मग बघणाऱ्यांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे, आणि प्रश्नात मत लपवायचं नाही. शेवटी मत, तेही ‘अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून आणि होकार मिळाला तरच. पद्धत नाचासाठी जन्मली, पण चित्राला ती चपखल बसते. तिसरा टप्पा सर्वांत अवघड आहे. ‘आकाश इतकं गडद का केलंत?’ हा प्रश्न नाही, ते मत आहे. ‘आकाश रंगवताना दिवसाची कुठली वेळ मनात होती?’ हा प्रश्न.

मी साधारण एवढं विचारते: जागेवर बसून केलंत की फोटोवरून? नजर कुठे जावी असं वाटत होतं? करताना कुठे अडलं? कागद कुठला? आणि चित्र कधी केलं हेही. मे महिन्यात उघड्यावर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, मिनिटभरात वाळतो आणि कडा धारदार होऊन बसतात, तर जुलैत तोच वॉश अर्धा तास ओला राहतो आणि रंग नको तिथे पसरतो. फुलकोबीसारखा डाग पडलेला दिसला म्हणून लगेच ‘पाणी जास्त झालं’ म्हणू नये. तो पावसाळ्यात, वाळत आलेल्या वॉशवर नेटानं पुन्हा ओला ब्रश टेकवल्यानं पडलेला असू शकतो, आणि त्याचा उपाय पाणी कमी करणं नाही, थांबणं हा आहे.

कागदाचा प्रश्न तर मी कधीच सोडत नाही. शाळेत वापरतो त्या कार्ट्रिज कागदावर भिजवून काम केलं की कागद फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि दुसरा वॉश चढवताना खालचा उचलला जातो. तेच हात ३०० जीएसएमच्या जाड सुती कागदावर वेगळेच चालतात. ज्याला आपण ‘सफाई नाही’ म्हणणार होतो, ती पुष्कळदा कागदाची मर्यादा निघते. अर्थात तो कागद महाग पडतो. ‘चांगला कागद घ्या’ असं नुसतं फर्मान सोडण्यापेक्षा ‘एका मोठ्या तावाचे आठ तुकडे करून लहान चित्रं करून बघा’ हे जास्त कामाचं.

चित्र टाकणाऱ्यानंही मदत करावी. आमच्याकडे आता चित्राखाली दोन ओळी लिहायचा प्रघात पडलाय. ‘ए-फोर, कार्ट्रिज, जागेवर दीड तास. पाणी जड वाटतंय, का ते कळत नाही. अभिप्राय हवा.’ किंवा ‘आज आईच्या घराचं केलं. नुसतं दाखवतेय.’ दुसऱ्या प्रकारच्या चित्राखाली कुणी टोन आणि कडा काढत बसू नये.

चांगलं ते नेमकं सांगा

सुरुवात चांगल्या गोष्टीनं करायची हे सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच ती सुरुवात पोकळ होते. ‘चित्र छान झालंय, पण...’ या वाक्यात वाचणारा ‘पण’पर्यंत उडी मारतो.

चांगलं सांगायचं ते वाईटाची धार बोथट व्हावी म्हणून नाही. काढणाऱ्याला स्वतःचं काय जमलंय ते पुष्कळदा ठाऊकच नसतं, म्हणून. जलरंगात कितीतरी सुंदर गोष्टी अर्ध्या आपल्या आणि अर्ध्या पाण्याच्या असतात. झाडाच्या बुंध्यापाशी दोन रंग ओल्यावर ओले भिडून जी जांभळट सावली झाली, ती त्याला अपघात वाटते आणि पुढच्या वेळी तो ती पुसून टाकतो. ‘उजव्या झाडाच्या बुडाशी निळा आणि तांबडा एकमेकांत गेलेत, तिथे जमीन ओली वाटते. ते तसंच ठेवा’ असं कुणी सांगितलं की अपघाताची युक्ती होते.

म्हणून जागा सांगा, काय घडलंय ते सांगा आणि त्यानं तुमच्यावर काय परिणाम झाला तेही सांगा.

सांगायची गोष्ट एकच निवडा

काही वर्षांपूर्वी एका मुलानं ग्रुपवर नदीकाठचं चित्र टाकलं, खाली ‘मोकळेपणानं सांगा’ असं लिहिलं. मी मोकळेपणानं सांगितलं. क्रमांक घालून नऊ मुद्दे लिहिले, प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि लिहायला अर्धा तास गेला होता. त्यानं ‘धन्यवाद ताई’ एवढंच लिहिलं. त्यानंतर त्याचं चित्र ग्रुपवर आलं नाही. मला अजून वाईट वाटतं. त्या नऊतले सहा मुद्दे एकाच गोष्टीतून निघालेले होते, आणि ती गोष्ट मी सातव्या क्रमांकावर लिहिली होती.

तेव्हापासून मी मुळाशी काय आहे ते शोधते. माझा शोधायचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी उजेड-अंधाराची वाटणी, कारण ती फसली तर बाकी काहीही दुरुस्त करून चित्र उभं राहत नाही. मग रचना आणि मोठे आकार: चित्र दोन सारख्या भागांत चिरलं गेलंय का, मुख्य गोष्ट कोपऱ्यात कोंबली गेलीय का, नजरेची पातळी एकच आहे का. घराची कौलं वरून पाहिल्यासारखी आणि दार खालून पाहिल्यासारखं असेल तर ‘पर्स्पेक्टिव्ह’ या शब्दानं काही कळत नाही. ‘तुम्ही बसून काढत होता की उभ्यानं? कारण छताच्या रेषा एका उंचीवरून दिसतात आणि दाराच्या दुसऱ्या’ असं म्हटलं की तो स्वतःच पट्टी घेऊन बसतो.

त्यानंतर कडा. कडांबद्दल ग्रुपवर फारसं कुणी बोलत नाही, आणि जलरंगाचा जीव तर तिथेच असतो. सगळ्या कडा धारदार असल्या की चित्र कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं, सगळ्या विरघळलेल्या असल्या की धुकं. नजर जिथे थांबावी तिथली कड कोरडी आणि स्पष्ट, बाकीच्या हळूहळू सुटत गेलेल्या, एवढं एक जमलं तरी चित्र श्वास घ्यायला लागतं. रंग माझ्या यादीत कडांच्याही नंतर येतात आणि खिडकीचे गज, पक्षी, माणसांचे पाय सगळ्यात शेवटी.

या क्रमानं जी पहिली अडचण सापडेल तेवढीच लिहायची. उरलेल्या वहीत ठेवा.

‘या कागदावर’ आणि ‘पुढच्या कागदावर’

तैलरंगात चुकलं तर खरवडून वर पुन्हा रंगवता येतं. जलरंगात तसं नाही. इथे काय बदलता येतं आणि काय नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाचा सल्ला काढणाऱ्याला नुसता हळहळायला लावतो. ‘आकाश उजळ ठेवायला हवं होतं’ हे आता त्या कागदावर कुणाच्याच हातात नाही.

म्हणून मी प्रत्येक सूचना दोन कप्प्यांत टाकते. या कागदावर काय शक्य आहे? गडद करणं शक्य आहे, वाळलेल्या रंगावर पातळ वॉश चढवून एखादा भाग मागे ढकलता येतो. धारदार कड ओल्या ब्रशनं घासून थोडी सोडवता येते. रंग थोडा उचलताही येतो, पण कुठला रंग यावर ते अवलंबून आहे. निळ्यांतलाच अल्ट्रामरीन बऱ्यापैकी निघतो, थॅलो ब्लू कागदाला धरून बसतो. चौकट बदलता येते. जाड पुठ्ठ्याच्या दोन ‘एल’ आकाराच्या पट्ट्या चित्रावर सरकवून बघितल्या तर एखादं फसलेलं चित्र दोन बोटं कापल्यावर सुधारतं, हे मी कितीदा तरी अनुभवलंय. आणि अगदीच अडलं तर पांढऱ्या गुआशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, एखादा ठिपका. काहींना तो वर्ज्य वाटतो, मला तसं वाटत नाही.

मोठा भाग उजळ करणं, कागदाचा मूळ पांढरा परत आणणं आणि मळलेला रंग स्वच्छ करणं मात्र या कागदावर जवळजवळ अशक्य. ते पुढच्या कागदासाठी. तिथे कारण सांगून करण्याजोगं एक पाऊल द्यायचं. ‘रंग मळलेत’ म्हणण्यापेक्षा ‘तीनपेक्षा जास्त रंग एकत्र आलेत असं वाटतं, आणि वॉश वाळायच्या आत त्यावर तीन-चारदा ब्रश फिरलाय. पुढच्या वेळी सावली एकदाच घालून हात उचलून बघा. ओली असताना ती गडद वाटेल, पण वाळल्यावर फिकी पडेलच, म्हणून मुळात थोडी जास्त गडद घाला.’ हे वाचून माणूस लगेच ब्रश घेऊन बसू शकतो.

एक अभिप्राय, सुरुवातीपासून

मागच्या थंडीत ग्रुपमधल्या एका काकूंनी मेणवलीचं चित्र टाकलं. वाईजवळचा नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेवरचा घाट, पायऱ्या, देऊळ, मागे डोंगर. आमच्याकडच्या प्रत्येक जलरंगवाल्यानं कधी ना कधी तिथे बसकण मारलेली असते, त्यामुळे तिथल्या चित्रावर ‘मी अमुक कोनातून केलं होतं’ असं सांगायचा मोह फार होतो. तो मी टाळला. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘देऊळ उठत नाही.’

आधी लिहिलं: ‘काकू, पायऱ्यांवरची तिरकी सावली बराच वेळ बघत बसले. एकाच वॉशमध्ये सोडलीत आणि खालच्या पायऱ्यांवर ती निळी होत जाते, तिथे पाण्याचा गारवा पोचतो. एक विचारू का? सगळ्यात आधी देवळाचं शिखर दिसावं असं मनात होतं, की घाटावरून नजर वर जावी असं?’

त्यांचं उत्तर आलं, ‘घाटावरून वर.’ मग: ‘तर मग वाट बरोबर बांधलीय तुम्ही, माझी नजर पायऱ्यांवरूनच वर गेली. चित्र काळंपांढरं करून पाहिलं तेव्हा शिखर आणि मागचा डोंगर एकाच टोनचे दिसले, म्हणून वर गेल्यावर नजरेला थांबायला जागा मिळत नाही. या कागदावर करता येईल असं एक सुचतंय, सांगू का?’

‘सांग की.’

‘शिखराच्या उजेडाच्या अंगाला, मागच्या डोंगरावर, अजून एक वॉश चढवून बघा. अल्ट्रामरीनमध्ये थोडा तपकिरी बर्न्ट सिएना, करडा होईल इतपतच. शिखरापाशी कड कोरडी ठेवा, वर आकाशाकडे जाताना नुसत्या पाण्याच्या ब्रशनं सोडवा. देवळाला हात लावू नका, ते आहे तसंच उजळ दिसायला लागेल. आधी कागदाच्या तुकड्यावर करून वाळू द्या आणि मग ठरवा.’

तिथे मी थांबले. पायऱ्यांचा काळा दगड त्यांनी ट्यूबमधल्या काळ्यानं केला होता आणि तो मेलेला दिसत होता. मनात होतं की तेही सांगावं. पण सुचवलेल्या करड्यात तोच धडा होता: दोन रंगांतून केलेला करडा आणि ट्यूबमधला काळा शेजारी शेजारी आले की फरक त्यांना आपोआप दिसणार होता.

कुणाशी बोलतोय ते लक्षात ठेवून

तोच मुद्दा सगळ्यांना सारख्याच शब्दांत सांगून चालत नाही. ज्येष्ठ सरांनी चित्र टाकलं की ग्रुपवर फक्त नमस्कार पडतात, आणि मला वाटतं त्यांचीही त्यात उपासमार होते. त्यांना सूचना करायचं धाडस होत नसेल तर खराखुरा प्रश्न विचारा: ‘सर, डाव्या झाडाची कड तुम्ही सोडवली आणि उजव्याची ठेवलीत. ते आधी ठरलं होतं की करताना सुचलं?’ यात आदरही आहे आणि पाहिल्याची खूणही. अशा प्रश्नांना आलेली उत्तरं हीच आमच्या ग्रुपची खरी कमाई आहे.

शिकणाऱ्याला एका सरांच्या साच्यात ढकलू नका. आपल्याकडे जलरंगाचे डेमो खूप बघितले जातात, आणि मग दहाजणांची चित्रं एकाच हातची दिसायला लागतात: तीच छत्रीवाली माणसं, तोच ओला रस्ता. एखाद्याची रेष खरखरीत असेल, कुणाला सगळं सपाट, नक्षीसारखं आवडत असेल, तर ‘छायाप्रकाश दाखवा’ हा सल्ला तिथे अस्थानी आहे. त्या चित्राला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं आणि त्या वाटेवर ते कुठे अडतंय तेवढंच पाहायचं.

लहान मुलांची चित्रं आई-बाबा टाकतात. तिथे ‘वयाच्या मानानं छान’ लिहू नये. ते पोर हे वाचतं किंवा त्याला वाचून दाखवलं जातं. ‘या घराच्या मागे कोण राहतं?’ असं विचारा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी चालली असेल तर गोष्ट वेगळी. वस्तुचित्रात तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड आणि बुडाची कड यांचा मेळ बसतोय का, हे तिथे स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या मुलाला परीक्षेला बसायचंय. श्रेणीची ती सवय मात्र आपण मोठ्यांनी अंगात मुरवून घेतली आहे, प्रत्येक चित्राला मनात ए, बी, सी देतो. ती गळून पडेपर्यंत अभिप्राय मोकळा होत नाही.

दुसऱ्याच्या चित्रावर फोनमध्ये रेघा ओढून दाखवायच्या असतील तर आधी विचारा. हो म्हणाले तरी एकच रेघ, आणि शक्यतो ती खासगीत. चित्र कुणाच्या तरी डेमोची नक्कल आहे आणि मूळ नाव दिलेलं नाही असं दिसलं तरीही खासगीतच: ‘हे अमुक सरांच्या डेमोवरून आहे ना? नाव लिहून टाकता का?’ बहुतेक वेळा ते विसरलेलं असतं, चोरलेलं नसतं.

लिहून झाल्यावर

पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचून बघा. समोर बसलेल्या माणसाला आपण हे याच स्वरात म्हटलं असतं का? वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ असेल तर तो ‘चित्र’ करून पाहा. ‘तुम्ही सावली चुकवलीत’ याऐवजी ‘सावली भिंतीपासून सुटून तरंगते’. दुसरं वाक्य जास्त सौम्य आहेच, शिवाय जास्त खरंही आहे.

उत्तर नाही आलं तर आठवण करून देऊ नका. ‘मला नाही पटत’ असं आलं तर ‘बरं’ म्हणा आणि मनापासून म्हणा, कारण चित्र त्यांचं आहे. मात्र आपण काय सांगितलं ते विसरू नका. माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एखादी ओळ असते, ‘कडा’, ‘घाई’, ‘हिरवे सगळे सारखे’. पुढचं चित्र आलं की आधी ती ओळ वाचते. सहा महिन्यांपूर्वी हिरवे सगळे सारखे होते आणि आज आंब्याचा हिरवा आणि बाभळीचा हिरवा वेगळा आलाय, हे सांगू शकणारा माणूस ग्रुपवर असणं, याची किंमत मला स्वतः चित्र टाकते तेव्हा कळते.

काकूंचं दुसरं मेणवली तीन आठवड्यांनी आलं. डोंगर आधी घातलेला, देऊळ कोऱ्या कागदाचं सोडलेलं, पायऱ्यांचा दगड निळसर तपकिरी, आणि त्यात ऊन. खाली त्यांनी स्वतःच काळापांढरा केलेला फोटो जोडला होता आणि लिहिलं होतं, ‘देऊळ उठलं. आता पाणी बघ.’

मी पाणी बघत बसले.